तांब्याच्या जाळीचं कव्हर

"झाकण आणखी दोन बोटं खाली येऊ दे, वहिनी," शैलजा मॅडम म्हणाल्या. "तोंड कुठूनच उघडं राहायला नको."

मी पुठ्ठ्याचा साचा पुन्हा फोनवर ठेवला, पेन्सिलीची रेघ खाली ओढली. तेवढं कातडं जास्त लागणार होतं, त्याचं काही नव्हतं. पण एवढ्याशा फोनला एवढं मोठं झाकण विचित्रच दिसणार होतं. तसं मी म्हटलंही.

"दिसू दे. कुणाला दाखवायचंय?" त्या म्हणाल्या आणि पर्समधून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सुरळी काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. आत तांब्याची जाळी होती. पिठाच्या चाळणीपेक्षाही बारीक, आणि कापडासारखी मऊ.

दोन हजार अकरा सालातली गोष्ट. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. मिरजेत दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान. आम्ही सातपुते चामड्याचंच काम करतो, पण आमच्या दुकानात चपला कधी विकल्या नाहीत. पोलिओच्या पोरांचे कॅलिपरचे बूट, कमरेचे पट्टे, मानेचे पट्टे, एक पाय आखूड असलेल्याचा उंच टाचेचा बूट, असली कामं. ती सगळी मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या हातची. माझे मालक काविळीनं गेले तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. तेरावा झाल्यावर मामंजींनी कातडं कापायची आपली रापी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "शिकतीस?" कातडं कापणारी बाई बघायला सुरुवातीला लोक मुद्दाम थांबायचे. चार वर्षांत तेही सवयीचं झालं होतं.

शैलजा खराडे एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढायच्या कामाला होत्या. तिथले शिशाचे एप्रन जड असतात, त्यांचे पट्टे तुटतात. ते बदलायला त्या आमच्याकडे यायच्या. तीस-बत्तिशीच्या असतील. कमी बोलायच्या. पट्टा हातात घेतला की आधी शिवण ओढून बघायच्या, त्यामुळे मामंजींना आवडायच्या. त्या दिवशी मात्र त्या स्वतःचं काम घेऊन आल्या होत्या. कमरेला लावायचं फोनचं कव्हर. रेडिएशन अडवणारं.

"मग शिसंच घालूया की," मामंजी बसल्या जागेवरून म्हणाले. "तुमच्या एप्रनात असतंय तसलं."

"शिसं जड होतं, मामा. फोनला तांबं पुरतं. पण चारी बाजूंनी हवं, झाकणातसुद्धा. आणि शिवणीत जाळीला जाळी चिकटलेली पाहिजे. मध्ये फट नको."

"फोननं खरंच काही होतं का ओ मॅडम?" मी विचारलं.

"पेपरात येतंय की रोज," त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता.

काम वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. बाहेर बदामी रंगाचं बकऱ्याचं कातडं, आत मऊ अस्तर आणि दोहोंच्या मध्ये जाळी. जाळीच्या कापलेल्या कडा सुईसारख्या टोचायच्या. आरी घातली की तारा बाजूला सरकायच्या आणि भोक मोठं व्हायचं. शेवटी कड आधी दुमडून घेतली, मग हातोडीनं हलकेच ठोकून बसवली आणि मेणाच्या दोऱ्यानं दोन ओळींत शिवली. तीन दिवस गेले. बोटांना इतक्या चिरा पडल्या होत्या की मीठ घातलेली कणीक मळताना डोळ्यांत पाणी यायचं. झाकणाला टिचबटण मारताना खाली दुहेरी कातडं आणि चकती घातली. ते बटण तुटायचं असेल तर आधी माणसाची नखं तुटली असती.

शैलजा मॅडम घ्यायला आल्या तेव्हा मी मोठ्या हौसेनं म्हटलं, "थांबा, वाजवून बघूया." त्यांचा फोन आत घातला, बटण दाबलं आणि माझ्या फोनवरून लावला.

'आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.'

पुन्हा लावला. पुन्हा तेच. माझा चेहराच उतरला. "चुकलंच माझं, मॅडम. पुढची बाजू उसवते. अंगाकडं जाळी ठेवू, बाहेरची काढून टाकू. मग लागंल."

"नको. असंच राहू दे."

"अहो, पण फोनच लागंना तर तो कमरेला लावून काय करायचं?" मामंजी म्हणाले.

त्या हसल्या. मग कव्हर माझ्याकडे परत देऊन म्हणाल्या, "फक्त आणखी एक बटण मारून द्या वहिनी. झाकणावर, जरा खालच्या बाजूला. कधी सैल लावायचं असलं तर ते लावता येईल."

मी समोरच मारून दिलं. पहिल्या बटणानं झाकण घट्ट बसायचं. दुसऱ्यानं लावलं की दोन्ही बाजूंना बोटभर फट राहायची. त्यांनी सैल लावायला सांगितलं आणि मला फोन करायला लावला. चार-पाच सेकंद गेली आणि फोन वाजला. घट्ट लावलं, वाजेना. एक्स-रेची फिल्म उजेडाला धरून बघावी तशा त्या कव्हराकडे बघत राहिल्या.

"छान झालंय," म्हणाल्या.

माझ्या मनात आलं, शिकली-सवरलेली माणसंही कशी पेपर वाचून घाबरतात. तेवढ्यावर मी ते सोडून दिलं.

त्यानंतर त्या रोज दुपारी आमच्या गल्लीतून जाताना दिसायच्या. दोनला ड्यूटी सुटायची. सव्वादोनच्या सुमाराला नदीवेशीकडे झपझप जायच्या आणि साडेतीनच्या आत तशाच झपझप परत. सासर सांगलीला होतं, घरी लहान लेक होती, तिकडची बस पकडायची असायची. परत येताना आमच्या कोपऱ्यावरच्या कडुलिंबाखाली थांबायच्या, कमरेचं बटण बदलायच्या, आणि दहा पावलंही गेल्या नसतील तोवर फोन वाजायचा. "हो, निघाले. आत्ताच सुटले. हो, स्टँडवरच चाललेय," असं बोलत पुढे जायच्या. मी दोन-तीनदा ऐकलं. ड्यूटी तर दोनला सुटते, हे मला ठाऊक होतं. पण दुसऱ्याच्या घरचं आपण कशाला उकरायचं, म्हणून गप्प बसले.

महिना-दीड महिना झाला असेल. एका मंगळवारी दुपारी बाराच्या सुमाराला एक गृहस्थ दुकानात आले. कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळाला बारीक गंध. चपला पायरीखाली काढून वर आले, नमस्कार केला. मग एका खिशातून ते कव्हर काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं, आणि दुसऱ्या खिशातून शैलजा मॅडमचा फोन.

"मी खराडे. शैलजाचा मिस्टर. हे तुमच्याकडचंच ना? आत तुमच्या दुकानाचा शिक्का दिसतोय."

"व्हय, आमचंच."

"मॅडम आल्या न्हाईत?" मामंजींनी विचारलं.

"आज तिला घरीच थांबवलंय." त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "मला एवढंच विचारायचं होतं, आत काय घातलंय?"

"तांब्याची जाळी. रेडिएशनसाठी."

"बरं. आणि यात फोन लागतो?"

तोवर माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. पण त्यांनी ते विचारलं आणि गेल्या महिन्यात बघितलेलं सगळं एका झटक्यात समोर आलं. खाली ओढलेलं झाकण. कडुलिंबाखाली बदललेलं बटण. 'आत्ताच सुटले'. कशासाठी ते अजून कळत नव्हतं, पण बाई या माणसापासून काहीतरी राखून आहे, एवढं कळलं.

"लागतो की," मी म्हटलं. "न लागायला काय झालं?"

"बघूया." त्यांनी हात पुढे केला.

"द्या, मी घालून देते. नवं कातडं आहे, ताठ असतंय," असं म्हणून मी फोन त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. आत सरकवला. अंगठ्यानं दोन्ही बटणं चाचपली आणि खालचं, सैल लावलं.

त्यांनी आपल्या फोनवर नंबर दाबला आणि स्पीकर सुरू केला. काहीच आवाज नाही. बाहेर एक रिक्षा गेली.  आणि मग कव्हरात फोन वाजला. कुठलंतरी भक्तिगीत होतं. मी तो वाजू दिला.

"ऐकलं ना?" मी म्हटलं.

"ऐकलं." त्यांनी फोन बंद केला, पण नजर कव्हरावरच. "आणि हे वरचं बटण कशाला?"

मी उगाच झाकणाची शिवण चाचपायला लागले. 

मामंजी उठले. आता त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या माणसानं उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला खोटं सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. एकदा एक आई पोलिओ झालेल्या पोराला घेऊन आली होती. या बुटानं पोरगं पळेल ना, असं विचारत होती, रडत होती. मी म्हटलं, म्हणा की हो, तिला बरं वाटेल. मामंजी तिला म्हणाले, "पळायचं न्हाई, माय. पण शाळेला चालत जाईल." तसा माणूस. ते जवळ आले आणि माझ्या हातातून कव्हर घेतलं.

"ते वरचं नंतरचं हाय, सायेब. कातडं ताणतंय, झाकण सैल पडतंय. मग ते लावायचं."

"आता लावून दाखवा."

"दावतो की."

मामंजींनी खालचं बटण सोडलं. झाकण खाली ओढून घेतलं. त्यांचा अंगठा वरच्या बटणावर गेला आणि त्यांनी मनगट असं काही पिळलं की खाटकन आवाज झाला आणि बटण चकतीसकट कातडं फाडून त्यांच्या हातात आलं. कॅलिपरच्या सळ्या वाकवलेला हात तो. पण नखातून रक्त आलं ते मला दिसलं. त्यांनी बोट धोतराला पुसून टाकलं.

"बघा," ते म्हणाले. "सुटलंच. काम कच्चं निघालं. सुनंनं केलंय, तिचा हात अजून बसला न्हाई. मी म्हटलंच हुतं तिला."

खराडेंनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. खाली घालणं त्या वेळेला सोपं होतं.

"असली कामं करून पैसे घेता," ते म्हणाले. आता आवाजात हलकं हसू होतं. "ठेवा इथंच. दुरुस्त करून द्या तिला." मग चपला घालता घालता म्हणाले, "गैरसमज नको. संशय वगैरे नाही माझा. काळजी वाटते, एवढंच. बाईमाणूस एकटं जातं-येतं."

बायकोचा फोन खिशात टाकून ते निघून गेले.

मामंजी परत आपल्या जागेवर बसले. समोरचा बूट उचलला, खाली ठेवला. कोपऱ्यावरून चहा आला तो तसाच निवून गेला. मग म्हणाले, "तुझ्या कामाला नाव ठेवलं, छाया. मनाला लावून घेऊ नगंस."

"मामंजी, पण तुम्हाला काय माहीत, ती बाई कशासाठी..."

"मला काय म्हाईत? बायकोचा फोन खिशात घालून फिरणारा माणूस बघितला, तेवढं पुरं झालं."

दुसऱ्या दिवशी सव्वादोनला शैलजा मॅडम आल्या. डोळे सुजलेले होते. फाटलेलं झाकण बघून त्या तिथंच बाकावर बसल्या. मी काय घडलं ते सांगितलं. सैल बटणाचं सांगितलं, मामंजींचं सांगितलं. त्या मामंजींकडे बघत राहिल्या आणि एकदम तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. मामंजी पाठ फिरवून कातडं भिजवायला आत गेले. मग त्या बोलल्या. एवढं बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं.

"माझं माहेर इथलंच, वहिनी. नदीवेशीला. आईला पक्षाघात झालाय, वर्ष होईल आता. लग्नात मानपानावरून यांचं आणि माझ्या भावाचं वाजलं, तेव्हापासून त्या घरात पाय ठेवायचा नाही असं आहे. भाऊ गुजरातला असतो. आईजवळ शेजारची एक बाई, तीसुद्धा सकाळपुरती. रोज दुपारी जाऊन मी तिला अंघोळ घालते, पाय चोळते, जेवू घालते. एक तास."

"आणि ते दर घटकेला फोन करतात?"

"वाजला आणि उचलला तर आवाजावरून ओळखतात. दवाखान्याचा गलका कुठंय, म्हणतात. शेजारी कामाला असलेल्या बाईकडे फोन दे, म्हणतात. नाही उचलला तर का नाही उचलला. बंद ठेवला तर का बंद ठेवला. फक्त रेंज नाही म्हटलं की दोष कंपनीचा, माझा नाही."

"मग आधी काय करत होता?"

"आधी आमची एक्स-रेची खोली तळघरात होती. जाड भिंती, दाराला शिसं. तिथं कुणाचाच फोन लागायचा नाही. मला बढती मिळत होती, दुसऱ्या विभागात, मी घेतली नाही. लोक म्हणायचे, वेडी आहे. त्या खोलीत दिवसाचे सात तास माझे होते, वहिनी. आणि फोन तिथंच ठेवून गेले की पुढचा तासही मी तिथंच आहे म्हणून खपून जायचा. दिवाळीआधी खोली वरच्या मजल्यावर नेली. चांगल्या मोठ्या खिडक्या आहेत." त्यांनी नाक पुसलं. "रेडिएशन काय असतं ते मला कळतं हो. रोजचं काम आहे. फोनच्या रेडिएशनची मला कधीच भीती नव्हती."

मामंजी आतून आले. कव्हर उचललं, फाटलेल्या जागी नवा तुकडा ठेवून बघितला आणि मग विचारलं, "आईचं पाऊल लोंबतंय का? चालताना पुढं अडकतंय?"

"चालतच नाही ती, मामा. उभी केली की पाऊल वळतं."

"मग बूट लागंल. पोटरीला पट्टा, मागं सळी. छाया, कव्हर मी करतो. तू यांच्यासंगं जा आणि पायाचं माप घेऊन ये."

मी माप घेऊन आले. दोन खोल्यांचं घर, पुढे लहानसं अंगण. आजी, म्हणजे त्यांची आई, हाडापेरानं मजबूत होती. जीभ जड झाली होती, पण डोळे तल्लख. बूट करायला आठ दिवस लागले. आतून मेंढीचं मऊ कातडं लावलं, घोट्याला लागेल तिथं जास्त. पहिल्यांदा घालून बघितला तेव्हा टाच घासत होती, म्हणून परत आणला आणि पुन्हा घेऊन गेले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते.

आजीला आम्ही दोघींनी खाटेवरून उठवलं. मी खाली बसून पट्टे आवळले. शैलजाताईंनी समोरून दोन्ही हात धरले. आता मी त्यांना ताई म्हणायला लागले होते. आजींनी चांगला पाय टाकला. मग दुसऱ्याकडे बघत राहिल्या, जणू तो कुणा परक्याचा आहे. पोटरी थरथरली आणि पाय उचलला गेला. पाऊल वळलं नाही. सरळ जमिनीवर टेकलं.

"एक," मी म्हटलं.

दुसरं पाऊल. तिसरं. शैलजाताई मागे मागे सरकत होत्या आणि लहान पोरीसारख्या हसत होत्या. चौथ्या पावलाला त्या थांबल्या. "वहिनी, जरा धरता आईला?" म्हणाल्या. मला वाटलं डोळे पुसायचे असतील. पण त्यांनी कमरेचं कव्हर सोडलं, बटण उघडलं, फोन बाहेर काढला आणि खिडकीच्या फळीवर ठेवला. आतल्या आत तो कधीपासून रेंज शोधत असावा. अर्ध्या मिनिटात वाजायला लागला.

त्यांनी उचलला.

"बोला." पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता, शब्द नाही. "नाही, दवाखान्यात नाही. आईकडे आहे." पलीकडचा आवाज चढला. "हो, रोज येते. वर्ष झालं." पुन्हा काहीतरी. "नाही, कुणाकडे फोन देणार नाही. आई चालतेय, ते बघतेय मी. नंतर बोलू."

त्यांनी फोन परत फळीवर ठेवला. आजींनी जड जिभेनं विचारलं, "कुणाचा?"

"घरचा," शैलजाताई म्हणाल्या आणि आईचा दुसरा हात धरला. "चल, दारापर्यंत जाऊ."

त्या संध्याकाळी त्या सांगलीला गेल्या, त्या रात्री काय झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी लेकीला आणि दोन पिशव्या घेऊन नदीवेशीला राहायला आल्या. खराडे दोनदा येऊन अंगणात बसून गेले. पहिल्यांदा ओरडून, दुसऱ्यांदा रडून. शैलजाताईंनी दोन्ही वेळेला चहा दिला आणि परत गेल्या नाहीत. पुढे त्यांनी ती बढती मागितली. त्या साली नाही, दुसऱ्या साली मिळाली.

मामंजींनी त्या दुपारचा विषय पुन्हा कधी काढला नाही. फक्त त्यानंतर दुकानात कुणी कामाची चौकशी केली की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हिला विचारा. हिचं काम पक्कं असतंय."

आजी त्यानंतर सहा वर्षं जगल्या. तेवढ्यात त्या बुटाचा तळवा मी चार वेळा बदलला. चारही वेळा तो टाचेपासून चवड्यापर्यंत सारखा झिजला होता.